हत्तीचं पिल्लू मोठं झालं पाहिजे

जानेवारी २०१९ मधली रात्र. साडेदहा वाजले होते आणि डोंबिवलीच्या आमच्या घरात टीव्ही सोडून सगळे दिवे बंद होते, कारण ‘रात्रीस खेळ चाले’ उजेडात बघणं आजीला मान्य नव्हतं. आजी कुडाळकडची. २०१६ मध्ये या मालिकेचा पहिला भाग तिनं एकही रात्र न चुकवता पाहिला होता. तो भाग सुरूच झाला होता अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. आता दुसरा भाग लागला आणि तेच अण्णा धडधाकट, घरच्यांवर आवाज चढवत पडद्यावर उभे. आजी पुढे सरकून बसली. “मेलेलो माणूस परत इलो?” मी म्हटलं, आजी, ही आधीची गोष्ट आहे, अण्णा जिवंत होते तेव्हाची. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पदर सावरत म्हणाली, “म्हणजे ह्यो मरतलो, ता ह्येका म्हायत नाय. आमका म्हायत आसा.”

पुढचं दीडेक वर्ष आम्ही ती मालिका तशीच पाहिली. अण्णांचा माज, शेवंताच्या घराकडे वळणारी त्यांची पावलं, घरातल्या बायकांचं मुकाट सोसणं, सगळ्यावर त्यांच्या मरणाची सावली आधीच पडलेली होती. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा पहिल्या भागात नुसता भीतीचा होता. दुसऱ्या भागात तिथे माणसं जेवली, भांडली, एकमेकांना फसवत राहिली, आणि ती भीती कुठून आली ते कळलं. पहिला भाग नसता तर दुसऱ्याला हे वजन आलं नसतं. दुसरा भाग पाहिल्यावर पहिलाही मागे जाऊन बदलला.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण, सिनेमाच्या नावापुढे २ किंवा ३ हा आकडा दिसला की ठरलेलं वाक्य कानावर येतं. यांच्याकडच्या गोष्टी संपल्या. लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, थिएटरच्या पायऱ्यांवर मी ते ऐकत आलो आहे. बोलणारी माणसं सिनेमावर मनापासून प्रेम करणारी असतात, म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. मी दुसऱ्या भागांचा चाहता आहे. पुढचा भाग येणार अशी बातमी आली की मी खूश होतो आणि या खुशीची मला लाज वाटत नाही. दुसरा भाग ही गोष्ट सांगण्याची एक पूर्ण प्रतिष्ठेची रीत आहे, आणि तिला कल्पनादारिद्र्य म्हणणारे तिच्यावर अन्याय करतात. तिच्यावर याहून मोठा अन्याय आम्ही चाहते करतो, पण त्याकडे नंतर येतो.

पहिला आक्षेप असा की हे खूळ हॉलिवूडचं, मुंबईमार्गे मराठीत शिरलेलं. या आक्षेपाला इतिहासाचा आधार नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१८ मध्ये ‘श्रीकृष्णजन्म’ केला आणि पुढच्याच वर्षी ‘कालियामर्दन’. बाळकृष्ण झाली होती त्यांची लेक मंदाकिनी. तेव्हाच्या प्रेक्षकाला कृष्ण पुढे काय करणार हे अर्थातच ठाऊक होतं, तरी तो आला. त्याच्याही आधी, १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं येत होत्या आणि वाचक पुढच्या अंकाची वाट बघत होते. आपल्या कीर्तनात तर पूर्वरंग आणि उत्तररंग ही रचनाच आहे. पूर्वरंगात मांडलेलं तत्त्व उत्तररंगातल्या आख्यानात कसाला लागतं. अर्ध्यावर उठून जाणाऱ्याला कीर्तन ऐकल्याचं पुण्य मिळत नाही असं आमच्याकडे म्हणायचे.

पण माझा खरा साक्षीदार यांच्याही कितीतरी आधीचा आहे. आठव्या शतकातला भवभूती, विदर्भातल्या पद्मपूरच्या घराण्यातला. त्यानं आधी ‘महावीरचरित’ लिहिलं, ते रामाच्या राज्याभिषेकापाशी थांबतं. मग त्या राज्याभिषेकानंतरचं ‘उत्तररामचरित’ लिहिलं. नावातच ‘उत्तर’ आहे. पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गेलेल्या आयुष्याची चित्रं बघत बसतात. मालिकेच्या सुरुवातीला ‘मागील भागात’ म्हणून दाखवतात ना, तेच हे. मात्र भवभूती तिथे नुसती उजळणी करत नाही. चित्रं बघता बघता गरोदर सीतेला पुन्हा त्या वनात जावंसं वाटतं, आणि तिच्या त्याच हौसेच्या आडून तिला वनात सोडलं जातं. जुन्या सुखाची आठवणच नव्या दुःखाची वाट होते.

तिसरा अंक तर मी जन्मभर विसरणार नाही. बारा वर्षं उलटली आहेत. राम पंचवटीत येतो, आपल्या नाशिकच्या पंचवटीत. सीताही तिथेच आहे, पण गंगेच्या वरामुळे ती कुणाला दिसत नाही. वनवासात तिनं हातानं चारा भरवून एक हत्तीचं पिल्लू वाढवलं होतं. तेही तिथे आहे, पण आता ते पिल्लू राहिलेलं नाही. तो भर जवानीतला हत्ती झाला आहे आणि त्याच्यासोबत त्याची हत्तीण आहे. सीता त्याच्याकडे बघते आणि तिच्या मनात पहिला विचार येतो तो लव-कुशांचा. एवढ्या वर्षांत माझी मुलं केवढी झाली असतील?

जागा तीच, झाडं तीच, माणसंही तीच. वर्षं मात्र गेली आहेत आणि गेलेली वर्षं दिसतात. दुसऱ्या भागानं काय करायचं असतं हे मला त्या हत्तीपाशी कळलं. माझी कसोटी एवढीच आहे. पिल्लू मोठं झालं का?

आता दुसरा आक्षेप, पैशाचा. दुसरा भाग फक्त गल्ल्यासाठी काढतात, असं म्हणतात. गल्ल्यासाठी काढतात हे खरं आहे आणि त्यात पाप काय, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. मराठी सिनेमाचं गणित जवळून पाहिलेल्या कुणालाही विचारा. शुक्रवारी लागलेल्या नव्या नावाच्या सिनेमाला आपलं नाव लोकांपर्यंत पोचवायला दोन-तीन दिवस मिळतात. सोमवारी शो कमी होतात, उरलेले सकाळच्या किंवा दुपारच्या आडवेळी ढकलले जातात. चांगला आहे म्हणे, या रविवारी जाऊ, असं म्हणेपर्यंत सिनेमा उतरलेला असतो. ओळखीचं नाव असेल तर प्रेक्षक पहिल्याच दिवशी येतो आणि शो टिकतात. ‘झिम्मा’ नोव्हेंबर २०२१ मध्ये लागला तेव्हा कोविडमुळे थिएटरं निम्म्या क्षमतेनं चालू होती. तरी बायका घोळक्यानं आल्या. आया लेकींना घेऊन आल्या, भिशीच्या मैत्रिणी एकत्र आल्या. दोन वर्षांनी ‘झिम्मा २’ आला तेव्हा त्यातल्या इंदूताई पंचाहत्तरीच्या झाल्या होत्या. त्या घोळक्यातल्या बायकांनाही मधली दोन वर्षं लागलीच होती. त्यांनी पुन्हा तिकीट काढलं यात लोभ कुणाचा आणि नुकसान कुणाचं?

तिसरा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो दुखावलेल्या प्रेमातून येतो. पहिला भाग मनात जपून ठेवलेला असतो आणि दुसऱ्यानं त्याला डाग लागतो. मलाही हे वाटलेलं आहे. २०१० च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त मुंबईची मुलगी आणि पुण्याचा मुलगा एक अख्खा दिवस पुण्यात भटकतात आणि सिनेमा संपेपर्यंत आपल्याला त्यांची नावं कळत नाहीत. त्या बिननावाच्या दिवसाची गोडी काही वेगळीच होती. २०१५ च्या दुसऱ्या भागात त्यांना गौरी आणि गौतम अशी नावं मिळाली, आडनावं मिळाली, आत्या-मामा मिळाले. थिएटरात बसल्या बसल्या माझं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं मला वाटलं. दिग्दर्शक तोच, नट तेच, मग हे कशाला?

नंतर विचार केला. नाव न सांगता एक दिवस काढता येतो, लग्न करता येत नाही. लग्न ठरलं की सगळं गणगोत दारात उभं राहतंच, आणि ठरलेल्या लग्नाच्या तोंडावर पाय मागे सरणं हेही त्यातलंच. पहिला सिनेमा खरा होता म्हणून दुसऱ्याला तसं असणं भाग होतं. २०१८ च्या तिसऱ्यात दोघांपुढे मूल येऊन ठेपलं, तयारी नसताना. आठ वर्षांत स्वप्निल जोशी आणि मुक्ता बर्वे यांचे चेहरे बदलले, ते बदल मेकअपनं लपवायची गरज पडली नाही. मीही त्या आठ वर्षांत लग्न केलं, बाप झालो. तीन सिनेमांतला पहिला मला आजही सर्वांत आवडतो, आणि तरी उरलेले दोन नसते तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही. २०१० चा तो दिवस जिथे होता तिथेच आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही.

आता आम्हा चाहत्यांकडे वळतो.

आम्ही मागतो काय? आम्हाला जसंच्या तसं हवं, असं छातीठोकपणे मागतो. तीच गाणी, तोच संवाद, तोच विनोद त्याच जागी. निर्माते बिचारे ऐकतात, आणि सिनेमा कोमट झाला की पुन्हा आम्हीच म्हणतो, पहिल्याची सर नाही. ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ मध्ये आला तेव्हा गणपतीपुळ्याला निघालेली ती एसटी म्हणजे महाराष्ट्राचं एक फिरतं अंगण होतं. वीस वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरा भाग आला. एसटीच्या जागी कोकण रेल्वे, कंडक्टरच्या जागी टीसी, आणि दोन्ही ठिकाणी अशोक सराफ. मी पहिल्या आठवड्यात गेलो. अशोकमामा दिसल्याबरोबर अख्ख्या थिएटरनं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण प्रवास पुढे सरकला तसं जाणवत राहिलं की गाडी बदलली आहे आणि बाकी मांडणी मागचीच पुढे आणली आहे. एकेका डब्यातलं एकेक नमुनेदार माणूस, एकेकाची गंमत. जिथे लेक मोठी झाली आहे, जावई घरात आला आहे, नवसाचं ओझं पुढच्या पिढीच्या डोक्यावर आलं आहे, तिथे सिनेमात जीव होता. मला तिथे थांबायचं होतं. वीस वर्षांपूर्वी नवस फेडलेल्या बापाला आज नवसाबद्दल काय वाटतं, हे ऐकायचं होतं. पण आम्हीच तर पुन्हा ती धमाल मागितली होती.

चाहता जे तोंडानं मागतो आणि त्याला जे खरोखर हवं असतं, यात अंतर असतं, याचा दाखला मला एका मालिकेनं दिला. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ संपली तेव्हा आमच्या पिढीतल्या कितीजणांना घर सोडून आल्यासारखं झालं होतं. मुंबईत एकत्र राहणारी सहा पोरं-पोरी आणि त्यांचं ते ‘माजघर’. पुढे त्याच कलाकारांना घेऊन ‘दिल दोस्ती दोबारा’ आली. नट तेच, पण पात्रं नवी, गोष्ट नवी. माझं मन काही रमलं नाही. चेहरे ओळखीचे होते, पण मला आशू कुठे आहे, कैवल्यचं पुढे काय झालं, रेश्माच्या आयुष्यात आता कोण आहे, हे हवं होतं. तीच मजा पुन्हा मिळाली असती तरी ती मजा ज्यांची होती ती माणसं तिथे नव्हती. आम्हाला माणसांची खुशाली हवी असते. गावाकडून आलेल्या माणसाला आपण विचारतो ना, अमक्याचं कसं चाललंय, तमकीचं लग्न झालं का, तशी.

इथे कुणी मला फास्टर फेणे दाखवेल. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, विद्याभवन शाळेतला. पुस्तकामागून पुस्तक आलं आणि तो शाळकरी पोरच राहिला. तिथे कुठे पिल्लू मोठं झालं? बरोबर आहे, आणि त्या पुस्तकांवर माझं जिवापाड प्रेम आहे. पण तिथला करार वेगळा आहे. प्रत्येक पुस्तकात नवं संकट, नवी जागा, आणि शेवटच्या पानावर सगळं पुरं. मागच्या पुस्तकातलं उरलंसुरलं पुढच्यात गरम करून वाढलं जात नाही. वाचक दरवर्षी नवा येतो, तोही त्याच वयाचा. २०१७ च्या सिनेमानं मात्र बनेशला कॉलेजच्या वयाचा केला आणि दिलीप प्रभावळकरांना खुद्द भागवतांच्या रूपात त्याच्यासमोर आणून बसवलं. हे धाडस मला मनापासून आवडलं. एकदा त्याला वाढवला म्हटल्यावर आता त्याचा पुढचा भाग आला तर तो तिशीकडे झुकलेला असावा, आणि त्याच्या त्या प्रसिद्ध उतावळेपणाची त्याला कधीतरी किंमत मोजावी लागलेली असावी.

मालिकावाले म्हणतील, काळ पुढे न्यायचं म्हणता, ते तर आम्ही रोजच करतो. त्यांच्याकडे त्याला लीप म्हणतात. टीआरपी घसरला की लीप घेतात. सोमवारी पाळण्यातली पोर मंगळवारी कॉलेजला जाते, आईच्या कानाशी एक पांढरी बट येते, दिवाणखान्यातला सोफा तोच राहतो. हा काळ पुढे जाणं नव्हे. काळ गेला म्हणजे कुणीतरी काहीतरी गमावलेलं असतं, काहीतरी विसरलेलं असतं, एखादा राग निवलेला असतो, एखादा आणखी कडू झालेला असतो. लीपमध्ये फक्त कॅलेंडर उलटतं. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली. त्या वर्षांत तिच्यासमोर रात्रीचं जेवण वाढलेल्या घरांचं प्रेम मी कमी लेखत नाही. पण न संपणारी गोष्ट आणि दुसरा भाग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्या भागासाठी पहिला संपावा लागतो. मध्ये रिकामी जागा पडावी लागते. त्या रिकाम्या जागेत आम्ही चाहते वाट बघतो, तर्क करतो, मोठे होतो. ती जागाच बुजवून टाकली तर वाट कशाची बघायची?

आणि आता ज्या बातमीनं मला हे लिहायला बसवलं, तिच्याकडे येतो. ‘झपाटलेला ३’ची घोषणा झाली आणि पाठोपाठ अशी चर्चा सुरू झाली की नव्या तंत्रज्ञानानं लक्ष्मीकांत बेर्डे पुन्हा पडद्यावर दिसू शकतील. माझे कितीतरी समवयस्क या कल्पनेनं हरखून गेले. लक्ष्या परत येणार! त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं आहे. माझ्याही डोळ्यांत आलं. तरी मी या कल्पनेच्या विरुद्ध आहे, आणि का ते सांगतो.

१९९३ चा ‘झपाटलेला’ मी गल्लीतल्या एका घरी भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला, पंधरा-वीस पोरं सतरंजीवर खेटून. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज प्रभावळकरांचा. पण त्या निर्जीव बाहुल्यात आमच्यासाठी जीव घातला लक्ष्यानं. पुन्हा बघा. बाहुला स्तब्ध असतो आणि लक्ष्याची नजर त्याच्यावर पडते. आधी डोळे थांबतात, मग ओठ सुकतो, मग मान हळूच वळते आणि मग हात-पाय कापायला लागतात. तो क्रम, त्या क्रमातला अर्ध्या क्षणाचा उशीर, त्यामुळे आम्हाला बाहुला हलल्यासारखा वाटायचा. समोरच्या निर्जीव वस्तूवर जिवंत माणसानं विश्वास ठेवला म्हणून ती जिवंत झाली. आता तोच चेहरा यंत्रानं घडवायचा म्हणजे लक्ष्यालाच बाहुला करायचं. त्याच्यावर विश्वास ठेवणारं समोर कोण असणार?

त्या सिनेमाची गोष्टच आठवा. एका मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि त्याला बाहेर पडायला लक्ष्याचा देह हवा असतो. अख्खा सिनेमा लक्ष्या आपला देह त्याच्यापासून वाचवतो. आम्ही पोरं सतरंजीवर बसून जीव मुठीत धरून एवढीच प्रार्थना करत होतो की लक्ष्याच्या देहात दुसऱ्या कुणी शिरू नये. लक्ष्मीकांत १६ डिसेंबर २००४ ला गेले. त्यांच्या चेहऱ्याच्या आत दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले भाव भरायला आज आम्ही टाळ्या वाजवणार असू, तर १९९३ मध्ये आम्ही काय पाहिलं?

यावर उत्तर येतं की चाहत्यांचीच तशी इच्छा आहे. इच्छा आहे, मान्य. गेलेलं माणूस एकदा दिसावं ही इच्छा कुणाला नसते? पण वाट याच सिनेमानं आधी दाखवलेली आहे. २०१३ मध्ये दुसरा भाग थ्रीडीत आला तेव्हा लक्ष्मीकांत नव्हते, तर लक्ष्याच्या मुलाला पुढे आणलं आणि आदिनाथ कोठारेनं ती भूमिका केली. तो सिनेमा पहिल्याइतका जमला नसेल, पण त्याची ती चाल सरळ होती. लक्ष्या गेला हे त्यानं मान्य केलं, लक्ष्याचं पोर मोठं झालं हे दाखवलं. पंचवटीतल्या हत्तीसारखं.

म्हणून तिसऱ्या भागाबद्दलचं माझं मागणं लेखी मांडतो. तीस वर्षांहून जुन्या बाहुल्याचा रंग ठिकठिकाणी उडालेला असावा, जबडा उघडताना करकरावा. रात्रीच्या वेळी तो लक्ष्याच्या घरात शिरावा, जुन्या सवयीनं त्यालाच शोधत. आणि भिंतीवर त्याला हार घातलेली तसबीर दिसावी. संगणकानं हलवलेली नको, साधा फोटो, लक्ष्मीकांतांचा खराखुरा. ज्या देहासाठी तो एवढा झुरला तो देह आता नाही, हे तात्या विंचूला तिथे कळावं. पुढे तो काय करेल ते पाध्यांच्या हातांवर आणि प्रभावळकरांच्या आवाजावर सोडावं. कॅमेरा थोडा वेळ त्या दोघांवर थांबावा, फोटोवर आणि बाहुल्यावर. थिएटरात त्या वेळी जी शांतता होईल तिच्यासाठी मी पहिल्या दिवशीच्या पहिल्या शोचं तिकीट काढीन, आणि माझ्या पोरालाही सोबत नेईन.